ठमीची खोली आणि शांतिसेनेचा ठराव

संसदेच्या मागच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला ठमीचं फोटोसकट ओळखपत्र पाहिजे होतं आणि ठमीला पाहिजे होतं दूध. दोघंही आपापल्या मागणीवर ठाम होती. फक्त ठमीचा आवाज मोठा होता.

"फोटो कुठून आणू?" ठमीची आजी पहारेकऱ्याला म्हणाली. "पाच महिन्यांची पोर ती. अजून तिचं नाक कोणावर गेलंय त्यावरून आमच्या घरात दोन तट आहेत."

"आज कडक बंदोबस्त आहे, बाई. आत राष्ट्रीय सुरक्षेवर चर्चा आहे. पासाशिवाय चिटपाखरू आत सोडायचं नाही, असा हुकूम आहे."

"चिटपाखरू नाही, माझी नात आहे ही."

तेवढ्यात ठमीची आई आतून धापा टाकत आली. ती संसदेत लघुलेखिका होती. सभागृहात जो जे बोलेल ते शब्दन् शब्द टिपून घ्यायचं, आपली पाळी संपली की पळत जाऊन ते टंकून द्यायचं, तोवर पुन्हा पाळी येतेच. बाळंतपणाची रजा संपवून ती सोमवारी कामावर रुजू झाली होती आणि तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत सासूबाई ठमीला घेऊन फाटकावर येत होत्या.

"अहो, मला ओळखता ना तुम्ही?" ती पहारेकऱ्याला म्हणाली.

"तुम्हाला ओळखतो, मॅडम. ह्यांना नाही," तो ठमीकडे बोट दाखवत म्हणाला. शेवटी त्याने पाहुण्यांचा पास फाडला. "कोणाला भेटायचंय?"

"आईला," सासूबाई म्हणाल्या.

"कामाचं स्वरूप?"

"जेवण."

त्याने 'खाजगी' असं लिहिलं आणि पिशवी तपासायला घेतली. टोपडं झटकून पाहिलं, वाटी-चमचा उलटापालटा केला, एक दुपटं उलगडलं, दुसरं उलगडलं. तिसरं अर्धवट उलगडून त्याने ते घाईघाईने परत गुंडाळलं आणि हात लांब धरून म्हणाला, "जा, जा." त्या दुपट्यात काय होतं ते सासूबाईंना ठाऊक होतं. पण त्याने विचारलं होतं कुठे?

लांबलचक बोळातून चालताना ठमीच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. ठमी बाटली घेत नव्हती. बाटली दाखवली की कोणी लाच देऊ केल्यासारखं तोंड फिरवायची. वाटी-चमच्याने पाजलं तर तोंडात साठवून ठेवायची आणि थोड्या वेळाने, पाजणारा बेसावध झाला की, त्याच्या अंगावर सोडायची. नवऱ्याने दोन शर्ट त्यात घालवले होते आणि आता तो घरात बनियनवरच वावरत होता. तेव्हा दुपारचं दूध अंगावरचंच, आणि तेही इथेच.

त्यासाठी संसदेत एक खास खोली होती. आयांसाठी. मागच्या वर्षी फीत कापून, भाषणं ठोकून तिचं उद्घाटन झालं होतं. पण सोमवारपासून रोज ती खोली आतून बंद. ठोठावलं तर आतून एकदम शांतता. दुसऱ्या दिवशी ठोठावल्यावर एका जाड आवाजाने "कामकाज चालू आहे" असं उत्तर दिलं, तेव्हा ती इतकी गोंधळली की "माफ करा" म्हणून निघून आली. मग उरली फक्त अडगळीची खोली. तिथे जुन्या कामकाजाचे बांधीव खंड छतापर्यंत रचलेले. त्यांच्या मध्ये बसून ती ठमीला पाजायची आणि एक डोळा वरच्या खंडांवर ठेवायची. कुठल्यातरी जुन्या अंदाजपत्रकाचा ठोकळा ठमीच्या टाळूवर पडला म्हणजे? काल ठमी तिथे दोनदा शिंकली. एकदा शिंकली असती तर तिने सोडून दिलं असतं. दोनदा म्हटल्यावर रात्रभर ती तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसली.

सासूबाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं. "हे बघ, मी काही आडमुठी बाई नाही. पण त्या धुळीत मी माझी नात परत नेणार नाही. ती खोली आज मिळाली तर ठीक. नाहीतर उद्यापासून तू घरी राहा. मी इथवर यायची नाही."

रजा तर सगळी संपलेली. म्हणजे घरी राहणं याचा अर्थ एकच. आणि ही नोकरी तिने परीक्षांवर परीक्षा देऊन मिळवली होती. तिच्याइतक्या वेगाने लिहिणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. तिला वाटलं, खोली मिळू दे. बाकी काही नको. देशाचं काय व्हायचं ते होवो.

खोली आतून बंद होती.

आज आत शांतता मात्र नव्हती. दोन पुरुषांचे आवाज येत होते आणि दोन्ही तिच्या चांगलेच ओळखीचे होते. वर्षानुवर्षं तिने ते कागदावर उतरवले होते. एक संरक्षणमंत्र्यांचा. दुसरा सीमेकडच्या प्रांतांच्या पुढाऱ्याचा, ज्याला सगळं सभागृह पाठीमागे 'नगारा' म्हणायचं. नगारा बोलायला लागला की लघुलेखकांच्या टेबलावरच्या पेन्सिली थरथरायच्या.

"आई, नको," ती कुजबुजली. "आत मंत्री आहेत."

"मंत्री? ते काय पाजताहेत?" सासूबाईंनी ठमीला सुनेकडे दिलं आणि दारावर मूठ आपटली. "उघडा! पोर उपाशी आहे!"

आवाज थांबले. मग "कामकाज चालू आहे."

"ते मंगळवारपासून ऐकतोय. उघडता, की मी इथे बोळात बसून आरडाओरडा करू? पत्रकार तिकडे चहाला उभेच आहेत."

कडी निघाली.

आत एक आरामखुर्ची होती, तिच्यापुढे कापडी पडदा, एक बेसिन, लहान पोरांसाठी दोन बुटकी स्टुलं आणि भिंतीवर ओळीने रंगवलेली बदकं. लंगोट बदलायच्या टेबलावर देशाचा नकाशा पसरला होता आणि तो उडू नये म्हणून त्याच्या एका कोपऱ्यावर पावडरचा डबा ठेवला होता. मंत्री घामाघूम झाले होते. नगाऱ्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"मावशी," मंत्री म्हणाले, "हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"मावशी कोणाला म्हणता? तुमच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेन फार तर. आणि देशाची सुरक्षा इथे कशाला आणलीत? दालनं कमी पडली?"

मंत्र्यांनी सुनेकडे पाहिलं. तिची मान खाली. नगाराच बोलला. "दालनांत कॅमेरे आहेत, बाई. बोळात पत्रकार आहेत. अख्ख्या इमारतीत कायद्याने कॅमेरा लावता येत नाही अशी ही एकच खोली. आणि इथे कोणी येतही नाही."

"येत नाही? चार दिवस येतोय आम्ही! कडी तुमची आहे आतून."

नगारा वरमला. त्याला वाटलं होतं, रोज कोणीतरी वार्ताहरच कान लावतोय.

"आता व्हा बाहेर," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ता? दोघं?" मंत्र्यांचा चेहरा पडला. "आम्ही दोघं एका खोलीतून निघताना कोणी पाहिलं तर ह्यांचा पक्ष फुटेल आणि माझं खातं जाईल. सुट्टी संपली की ठरावावर मतदान आहे."

ठमीने त्याच वेळी भोकाड पसरलं. मग वाटाघाटीला जागाच उरली नाही. सासूबाईंनी दोघांनाही खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं. "तोंडं तिकडे. बदकं मोजा. सुनेचं होईपर्यंत कोणी इकडे वळलं तर याद राखा." मग त्या टेबलापाशी गेल्या. "आणि हे तुमचे प्रांत उचला इथून. पोरीचा लंगोट बदलायचाय."

प्रांत गुंडाळले गेले. लंगोट बदलला. ठमीची आई पडद्याआड आरामखुर्चीत टेकली, ठमीने एकदा हुंदका दिला आणि लुचायला लागली. चार दिवसांत पहिल्यांदा ती पाठ टेकवून बसली होती. वर छताकडे बघायचंही कारण नव्हतं.

फार वेळ नाही टिकलं. बदकांकडे तोंड करून उभे असलेले दोघं आधी कुजबुजत होते, मग बोलायला लागले, मग ओरडायला.

"शांतिसेनेची तुकडी बंदरावर तयार उभी आहे! जगाला शब्द दिलाय आम्ही!"

"शब्द तुम्ही दिलात आणि पैसा आमचा? प्रांतांचं अनुदान कापून परक्यांच्या देशात शांतता? आमच्याकडचा पूल तीन वर्षं अर्धा उभा आहे! अर्ध्या पुलावरून जाणार कोण? अर्धे लोक?"

"तुम्हाला देश नकोच आहे!"

"तुम्हाला देश म्हणजे राजधानी वाटते!"

ठमी दचकली. तिने तोंड सोडलं, पडद्याच्या दिशेने मान वळवली, आणि आईला तो ओठ दिसला, रडण्याच्या आधी पुढे येणारा. पुन्हा लावलं, तिने पुन्हा सोडलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोली मिळाली होती, पण नुसत्या खोलीचं काय करायचं?

आणि टिपून घ्यायची सवय लागलेल्या कानांना तेव्हाच एक गोष्ट जाणवली. सभागृहात कोणीही सदस्य दुसऱ्याशी थेट बोलत नाही. तसा नियमच आहे. जे काय सांगायचं, शिव्या द्यायच्या असल्या तरी, ते अध्यक्षांना सांगायचं: अध्यक्ष महोदय, ह्यांना विचारा, अध्यक्ष महोदय, ह्यांना आवरा. वीस-वीस वर्षं हे दोघं तसेच बोलत आले होते. एकमेकांशी बोलायचं कसं, हे ह्यांना येतच नव्हतं. आत्तासुद्धा प्रत्येक वाक्याच्या आधी दोघंही क्षणभर अडखळत होते, पडद्याच्या फटीतून त्यांचा हात वर कुठेतरी जाताना दिसत होता, आणि तिथे कोणी नाही म्हटल्यावर वाक्य समोरच्याच्या डोक्यावर आदळत होतं. चार दिवस इथे घोडं पेंड खात होतं ते अनुदानामुळे नव्हे. खोलीत खुर्ची होती, पण अध्यक्ष नव्हता.

"आई," तिने पडद्याआडून हाक मारली, "तुम्ही त्या दोघांच्या मध्ये बसा ना. आणि वाटीवर चमचा वाजवा. हळूच."

"चमचा?"

"वाजवा तर."

दाराशी एक उंच पाठीची खुर्ची होती. सासूबाईंनी ती ओढत मधोमध आणली, बसल्या आणि वाटीवर चमचा वाजवला. टण्.

दोघंही खाली बसले.

विचार करून नव्हे. घंटा वाजली की बसायचं हे गुडघ्यांतच मुरलेलं होतं. देशाचे संरक्षणमंत्री एका बुटक्या स्टुलावर, गुडघे हनुवटीला टेकलेले, आणि नगारा दुसऱ्यावर. सासूबाईंनाच दचकायला झालं. पण चार नणंदांच्या घरात नांदलेली बाई ती, मिळालेली सत्ता वाया घालवणारी नव्हती.

"एकेकाने बोलायचं," त्या म्हणाल्या. "आणि हळू. पोर पितेय. तुम्ही आधी."

नगाऱ्याने घसा साफ केला, उठून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून गेलं, "अध्यक्ष महोदया..."

"बसूनच बोला."

"अध्यक्ष महोदया," तो बसून, पहिल्यांदाच साध्या आवाजात म्हणाला, "ह्यांना विचारा, बंदरावर उभी असलेली ती तुकडी कोणाच्या मुलांची आहे? निम्मी पोरं आमच्या प्रांतातली. त्यांना पाठवायला आम्ही नाही म्हणत नाही. पण पोरगं दूरदेशी पूल राखायला गेलं आणि इकडे आईला दवाखान्यात न्यायला पूल नाही, हे मी त्या आईला कसं सांगू?"

पडद्याआड ठमीच्या आईचा हात ठमीच्या पाठीवर घट्ट झाला. हे तिने ह्या माणसाच्या तोंडून कधी टिपलं नव्हतं. भाषणांत त्याचा पूल नेहमी 'अन्यायाचं प्रतीक' असायचा.

मंत्री स्टुलावर जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "अध्यक्ष महोदया, ह्यांना सांगा, अनुदान कापायचं माझ्याही मनात नव्हतं. अर्थखात्याने कापलं. मी सभागृहात कबूल केलं तर सरकारमध्येच भांडण आहे हे चव्हाट्यावर येईल."

"म्हणजे देणार आहात, की नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"अध्यक्ष महोदया, पुलाचं आणि दवाखान्यांचं देतो. तुकडी निघायच्या आधी. बाकीचं पुढच्या अधिवेशनात."

"अध्यक्ष महोदया, पुढचं अधिवेशन म्हणजे तोंडाला पानं पुसणं झालं."

"शूः!"

"पानं पुसणं झालं," नगारा कुजबुजला.

"बरं, निम्मं आत्ता," मंत्रीही कुजबुजले. "आणि निम्म्याची तारीख ठरावातच घालू."

"आणि तारीख मोडली तर?"

"तर ह्यांच्यापुढे येऊन उत्तर देईन." मंत्र्यांनी सासूबाईंकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी मान डोलावली. ह्या तहात आपल्यावर नेमकी काय जबाबदारी आली हे त्यांना नीट कळलं नव्हतं, पण तसं तोंडावर दाखवणाऱ्या त्या नव्हत्या.

ठमी झोपली होती. तिच्या आईने कपडे सारखे केले, तिला खांद्यावर घेतलं आणि पडद्याबाहेर आली. "साहेब, सुट्टी संपत आली. माझी पाळी तुमच्याच भाषणाने सुरू व्हायची आहे."

"मग तुम्हाला उशीर व्हायचा प्रश्नच नाही," मंत्री कण्हत स्टुलावरून उठले. "पण तुम्ही आत्ता जे ऐकलंत ते..."

"मी सभागृहात बोललेलंच टिपते," ती म्हणाली. पुढे जे बोलली तसं तिने कोणाही मंत्र्याला आजवर ऐकवलं नव्हतं. "पण एक आहे. उद्यापासून मधल्या सुट्टीत ही खोली आमची. आतून कडी आम्ही लावणार."

मंत्र्यांनी सवयीने सासूबाईंकडे पाहिलं.

"मंजूर," सासूबाई म्हणाल्या.

आधी सासूबाई ठमीला घेऊन बाहेर पडल्या, पत्रकार झोपलेलं बाळ बघायला वाकले, आणि त्यांच्या पाठीमागून मंत्री एका दिशेला आणि नगारा दुसऱ्या दिशेला सटकले.

थोड्याच वेळात सभागृहात जे झालं त्याने गॅलरीतल्या लोकांच्या कानठळ्या बसल्या. नगारा टेबल बडवून गरजला की हे सरकार प्रांतांच्या ताटातला घास ओढतंय. मंत्र्यांनी त्याला देशद्रोह्यांचा वकील म्हटलं. लघुलेखिका मान खाली घालून शब्दन् शब्द उतरवत होती. सोमवारपासून नगारा असा कळवळून ओरडला की तिला पान्हा फुटायचा आणि ती एक हात छातीवर दाबून दुसऱ्या हाताने लिहायची. आज मात्र ती निवांत होती. अध्यक्षांनी घंटा वाजवली, तसे दोघंही बसले. मग दुरुस्ती आली, निम्मं अनुदान आत्ता, निम्म्याची तारीख ठरावात. तुकडी पाठवायचा ठराव दणक्यात मंजूर झाला. सगळ्या वर्तमानपत्रांना वाटलं, हे वादळी चर्चेतून साधलं.

संध्याकाळी घरी सासूबाई गप्प गप्पच होत्या. ठमीला मांडीवर घेऊन बसलेल्या. ठमीच्या आईला कळेना, खूश आहेत की रागावल्यात. तिचं मन लगेच सगळ्या शक्यतांवरून धावून आलं. खोली मिळाली खरी, पण रोज एवढं लांब यायचं, फाटकावर हुज्जत घालायची, ह्या वयात त्यांनी का म्हणून?

"आई," ती चाचरत म्हणाली, "उद्या जमेल ना तुम्हाला? नसेल तर सांगा, मी काहीतरी बघते."

"उद्या?" सासूबाईंनी ठमीची टोपी नीट केली. "उद्या त्यांचं नदीच्या पाण्याचं आहे. तो मोठ्या आवाजाचा मला जाताना बोळात म्हणाला, आई, तेवढं उद्या घ्या. आता मीच गेले नाही, तर ती दोघं पुन्हा एकमेकांच्या उरावर बसतील की नाही?"

"पण मधल्या सुट्टीत खोली आपली आहे."

"आपलीच आहे. पोरीचं पोट भरल्याशिवाय एकाला आत घेणार नाही. तसं सांगितलंय मी त्यांना." त्यांनी ठमीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "तू ते अध्यक्ष कसं काम करतात ते जरा सांग मला. दोघं एकदम उठले तर आधी कोणाला बोलू द्यायचं?"

स्वयंपाकघरातून बनियनवर आलेला नवरा दाराशीच थबकला. बायको त्याच्या आईच्या शेजारी जमिनीवर बसली होती आणि तिला समजावत होती की जो आधी उठेल त्याला आधी, पण मंत्र्यांना मध्ये उत्तर द्यायचं असेल तर ते देऊ द्यायचं असतं. आई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"मंत्री असेल म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "हात वर करायचा, मी नाव घेतलं की बोलायचं. नाहीतर भिंतीकडे तोंड."